येत असेल तर उजवा

"बाई, आडपडदा ठेवू नका. पोरीला डोस्कं हाय का न्हाई, येवढंच सांगा."

मारुती धोत्रे शाळेच्या व्हरांड्यात उभे होते. चपला पायरीखाली काढलेल्या, मुंडासं काखेत. विहिरी खणणाऱ्या टोळीचा हा मुकादम. टोळी आज इथं, उद्या तिथं. दिवाळीनंतर बोरजाईवाडीला कामाला आले तेव्हा पोरीला आमच्या शाळेत सातवीत घातलं होतं. आता इथलं काम संपलं होतं आणि टोळी विजापूरकडं निघाली होती.

"तिची आत्या म्हणती, पोरीला माझ्याकडं ठेवा, शिकू दे," ते म्हणाले. "डोस्कं आसंल तर ठिवतो, माझं काय जातंय! नसंल तर उगं कशाला? कामावर दोन हात वाढतील. तुमी रोज बघताय तिला. तुमी म्हणाल तसं."

तुम्ही म्हणाल तसं! मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते, सहा वर्षांची नोकरी झाली होती आणि मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नाही असं सहसा व्हायचं नाही. भोईटे बाईंचा वर्ग म्हटलं की केंद्रातले शिक्षक बघायला यायचे.

"खरं सांगू का," मी म्हणाले, "अंबिका गुणाची पोरगी आहे. कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण अभ्यासात काही नाही हो. अडीच महिन्यांत एकदासुद्धा उत्तर आलं नाही तिला."

त्यांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "बरं झालं, सपष्ट सांगितलंत. बिस्तरवारी चार वाजता टेंपो घिऊन येतो. दाखला तेवढा करून ठेवा."

मी हेडगुरुजींना सांगून दाखला लिहायला घेतला. त्यात 'अभ्यासातील प्रगती' असा एक रकाना असतो. तिथं मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'बेताची'. हे सोमवारी झालं. मला रात्री छान झोप लागली, हेही सांगून टाकते.

आता माझ्या वर्गाची एक पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं झालं.

वर्गात चोपन्न पोरं. प्रश्न विचारला की आठ-दहा हात वर यायचे, बाकीची पोरं फरशीचे तुकडे मोजत बसायची. त्यात ज्याला येत नाही त्याला उठवलं की तो रडवेला व्हायचा, बाकीचे खिदळायचे आणि माझी पाच मिनिटं जायची. म्हणून मी नियम काढला. प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा. मी उजव्यालाच विचारणार. डाव्याची शोभा होणार नाही, माझा वेळ जाणार नाही आणि वर्ग कसा भरलेला दिसेल!

माझी युक्ती हेडगुरुजींना, म्हणजे पोतदार गुरुजींना, इतकी आवडली की त्यांनी ती पाचवी-सहावीलाही लावली. तपासणीला साहेब आले की चोपन्नच्या चोपन्न हात वर. साहेब खूश, गुरुजी खूश, मी तर काय विचारूच नका. जूनमध्ये पोरांकडून आठवडाभर सराव करून घेतला, मग वर्षभर बघायला नको. पोरांच्या हातात तो नियम मुरला होता.

अंबिका शेवटच्या ओळीत, खिडकीखाली बसायची. दोन वेण्या, गुडघ्यापर्यंत आलेला परकर, दप्तर म्हणजे खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी. मी प्रश्न विचारला की तिचा हात वर यायचा. डावा. रोज डावा. कोपर ताठ करून, बोटं जुळवून वर केलेला. मला वाटायचं, बिचारी किती प्रामाणिक आहे! काही पोरं येत नसताना उजवा करायची, ही कधी तसलं करायची नाही.

तिची वही मात्र स्वच्छ असायची. गणितं सगळी बरोबर. एकदा मी तांबड्या शाईनं खाली लिहिलं होतं, 'कुणाची बघून लिहिलीस?' तिनं त्याच्याखाली काहीच लिहिलं नाही. लिहिणार काय? मी तरी उत्तराची वाट कुठं बघत होते!

टेंपो यायचा त्याच गुरुवारी तपासणी होती. तालुक्याचे विस्तार अधिकारी मुजावर साहेब यायचे होते, नव्यानेच बदलून आलेले. पोतदार गुरुजी सकाळपासून नुसते आत-बाहेर करत होते. शिपायाला तीनदा झाडायला लावलं.

"भोईटे बाई, सातवीवर नेतो त्यांना थेट," ते मला म्हणाले. "हात वर झाले पाहिजेत हं सगळे!"

"गुरुजी, तुम्ही चहाचं बघा," मी म्हणाले. "वर्गाचं माझ्यावर सोडा."

अकराच्या सुमाराला साहेब वर्गात आले. पन्नाशीचे, जाड भिंगांचा चष्मा, खिशाला दोन पेनं. मी व्यस्त प्रमाण शिकवत होते. पाठ असा रंगला होता की माझा मलाच अभिमान वाटत होता. प्रश्न टाकला, हात वर, उजव्यातला एक उठवला, खणखणीत उत्तर. पुन्हा प्रश्न, पुन्हा उत्तर. गुरुजी दारात उभे राहून माझ्याकडं बघून मान डोलवत होते.

तेवढ्यात साहेब उठले. "छान! बाई, तुम्ही बसा जरा. आता मी विचारतो."

असं आजवर कुठल्या साहेबांनी केलं नव्हतं. ते बसून बघायचे, शेरा लिहायचे आणि जायचे. मी बसले, पण खुर्चीच्या कडेवर.

साहेबांनी फळ्यावर गणित लिहिलं. आठ माणसं एक विहीर पंधरा दिवसांत खणतात, तर दहा माणसांना ती खणायला किती दिवस लागतील?

चोपन्न हात वर. साहेबांचे डोळे चमकले. त्यांनी मधल्या ओळीतल्या एकाकडं बोट केलं. तो हात डावा होता.

"नाव काय रे?"

"रावसाहेब."

वर्ग फिसकन हसला. साहेबही हसले. "वा! आमच्यापेक्षा मोठा हुद्दा आहे की तुझा. बोला रावसाहेब, किती दिवस?"

रावसाहेब खिलारे उभा राहिला. अंगानं थोराड, स्वभावानं गाय. त्यानं एकदा फळ्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"येत न्हाई, साहेब."

"अरे, मग हात कशाला वर केलास?"

"डावा केलाय, साहेब."

"डावा केलाय म्हणजे?"

त्या पोराला वाटलं, साहेबांना साधी गोष्ट माहीत नाही, समजावून सांगावी. त्यानं दोन्ही हात पुढं करून दाखवले. "येत आसंल तर ह्यो. येत नसंल तर ह्यो. बाई ह्या हाताला इचारत न्हाईत."

दारात पोतदार गुरुजींनी कपाळाला हात लावला. कुठला ते मी बघितलं नाही. माझं तोंड असं तापलं होतं की कानांतून वाफ निघतीय असं वाटत होतं. साहेबांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा घातला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"असं होय!" ते म्हणाले. "मग आज मी ह्या हातालाच विचारतो. खिडकीखालची मुलगी, तू गं? डावा आहे तुझा. तुलाही येत नाही?"

अंबिका उठली. "येतंय की. बारा दिवस."

"बरोबर आहे! मग डावा का केलास?"

"मी डावखुरीच हाय, साहेब. लिवायचं तेवढं उजव्यानं. पयल्या शाळंत गुरुजींनी मारून शिकवलं. बाकी समदं डाव्यानं."

"आणि हा उजव्या-डाव्याचा नियम?"

"मला ठावं न्हवता. कुणी सांगितलाच न्हाई."

कोण सांगणार? नियम जूनमध्ये शिकवला, ती आली दिवाळीनंतर. पोरांना वाटलं तिला येत नाही, मला वाटलं तिला येत नाही, आणि ती रोज कोपर ताठ करून उत्तर घेऊन बसलेली. अडीच महिने! मला तिची ती वही आठवली, तांबडी शाई आठवली आणि मग दाखला आठवला. चार वाजता टेंपो येणार होता.

पण वर्ग माझ्यासाठी थांबला नव्हता. साहेब तिला "बस" म्हणाले तरी ती उभीच होती.

"साहेब, बारा येतंय, पण बारात हुणार न्हाई."

"का नाही होणार?"

"हीर केवढी हाय त्ये कुठं दिलंय? दहा माणसं तळाला मावाय नकोत का? गर्दी झाली तर येकाचा घण दुसऱ्याच्या पाठीत बसंल."

साहेब माझ्याकडं बघायला लागले. विहीर मी वरून वाकून बघितलेली, तीही बादली सोडताना.

"किती मावतात?" साहेबांनी विचारलं.

"आमच्या हिरीत सा जणं. सातवा उतरला की भांडाण. आन् समदी खाली ग्येल्यावर वर यारी कोण वढणार?" यारी म्हणजे विहिरीतला दगड-माती वर ओढायचा हाताचा रहाट, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला माहीत. "आठ माणसं आसली की पाच खाली आन् तीन वर, आसं आसतंय."

आणि इतका वेळ उभाच असलेला रावसाहेब, वर्षभरात ज्याचा उजवा हात मी कधी बघितला नव्हता तो रावसाहेब, एकदम बोलला. "व्हय साहेब! आमच्या चुलत्याच्या हिरीला आसंच हाय. वर तीन लागत्यात. मग दहातली चार वर ठिवायची, सा खाली."

"येकजण वर जादा हुतोय की!" पुढच्या ओळीतून कुणीतरी ओरडलं.

"हुईना! त्यो पाणी पाजंल!"

"मग दिवस किती लागत्याल?"

आता हात-बित कुणी करत नव्हतं. पोरं गुडघ्यांवर उठली होती, ओळी मोडल्या होत्या. पुढच्या ओळीतली माझी हुशार मंडळी पहिल्यांदाच मागं वळून बघत होती. गुरुजी दारातून "ए, गप! गप!" म्हणत होते, त्यांच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. मी उठले. गप्प करायला नाही, फळ्याकडं. खडू उचलला आणि रावसाहेबच्या हातात दिला.

"लिही. अंबिका सांगेल, तू लिही. अडलं की सांगायचं कुठं अडलं."

तो अडला, तीनदा अडला. पण कुठं अडला ते त्याला नेमकं सांगता आलं. खाली घण मारणारे पाच, पंधरा दिवस, पंधरा पाचे पंच्याहत्तर. आता खाली सहा. पंच्याहत्तरला सहानं भागायचं. बारा सक बहात्तर, उरले तीन. तीनवर तो घुटमळला. निम्मी पोरं जागेवर बसून बोटांनी फरशीवर भागत होती.

"अर्धा दिस!" रावसाहेब किंचाळला. "साडेबारा! साडेबारा दिस!" आणि त्यानं दोन्ही हात वर केले.

साहेब तासाची घंटा झाल्यावरही अर्धा तास बसून होते. जाताना मला काही बोलले नाहीत. शेरेवहीत त्यांनी एक ओळ लिहिली, 'इ. सातवीचा गणिताचा तास अर्धा तास लांबला.' पोतदार गुरुजींनी ती दहा वेळा वाचली. हा ठपका आहे की शाबासकी, हे त्यांना निवृत्त होईपर्यंत कळलं नाही. मला लगेच कळलं. बत्तीस वर्षांत मला पुष्कळ शेरे मिळाले, तोंडपाठ आहे तो हा एकच.

पण त्या दिवशी शेऱ्याचं कौतुक करायला मला उसंत नव्हती. मधल्या सुट्टीत डबा उघडला नाही. एकदा वाटलं, दाखला हरवला म्हणून सांगावं. एकदा वाटलं, गुरुजींना पुढं करावं. मग म्हटलं, वत्सला भोईटे, सोमवारी तोंड वर करून तूच बोललीस ना? मग आजही तूच बोल.

बरोबर चार वाजता टेंपो फाटकाशी थांबला. मागं घण, पहारी, पातेली, दोन शेळ्या आणि बायामाणसं. मारुती धोत्रे उतरून आले. अंबिका पोत्याची पिशवी छातीशी धरून व्हरांड्यात उभी होती.

"दाखला झाला का, बाई?"

"झालाय. पण देणार नाही."

"का वो?"

"सोमवारी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. तुमच्या पोरीला डोकं आहे. माझ्या वर्गात सगळ्यात चांगलं डोकं तिचं आहे."

ते माझ्याकडं बघत राहिले. रागावले नव्हते, पण डोळे बारीक झाले होते. "सोमवारी येक, आज येक. बाई, तुमचं खरं कंचं धरायचं?"

"आजचं."

"कशावरनं? सोमवारीबी तुमी आसंच ठणकावून सांगितलं हुतं."

हे मात्र खरं होतं. मी सगळं सांगितलं. उजव्या-डाव्याचा नियम, अडीच महिने वर आलेला तो हात, वहीतली तांबडी शाईसुद्धा. टेंपोतली माणसं कान देऊन ऐकत होती, गुरुजी ऑफिसच्या खिडकीतून ऐकत होते, ऐकोत. शेवटी मी म्हणाले, "मी तिला एकदाही विचारलं नाही, मारुतीराव. न विचारताच तुम्हाला उत्तर दिलं."

त्यांनी आधी पोरीकडं बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "आमची पोरगी म्हणून न्हाई ना इचारलं? ही घरी तसं म्हणायची. म्हणायची, आबा, आपण हिरीवरची म्हणून बाई मला उठवत न्हाईत."

हे ऐकून मला खरंच रडू फुटलं. पोरांसमोर मी कधी रडले नव्हते. "नाही हो," मी म्हणाले. "पण तिला तसं वाटलं, हे माझंच पाप."

त्यांनी आपला डावा पंजा उघडून बघितला. घट्ट्यांनी भरलेला. "डावं तर आमच्या घराण्यातच हाय. माझा बा डाव्यानं घण मारायचा. म्या बी." मग ते पोरीकडं वळले. "अंबे, तुला काय पायजे?"

अंबिकानं पिशवी उजव्या हातात घेतली आणि डावा हात वर केला. सवयीनं. कोपर ताठ, बोटं जुळलेली. बापासमोर, टेंपोसमोर, भर व्हरांड्यात. आणि माझ्याकडं बघत थांबली.

अडीच महिने राहिलेली गोष्ट मी केली. "बोल, अंबिका."

"मी ऱ्हाते. आत्याकडं ऱ्हाते आन् शिकते. पर बाई, रावसाहेबला बी इचारत जावा. त्याला येत न्हाई, पर कुठं येत न्हाई त्ये त्याला पक्कं ठावं आसतंय."

मी मान हलवली.

मारुती धोत्र्यांनी टेंपोतून तिचं गाठोडं काढलं, पायरीवर ठेवलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. टेंपोत चढताना मला म्हणाले, "चैत्रात येतो, बाई. पर आता तुमाला इचारायचो न्हाई. पोरीचं पोरीलाच इचारीन."

ते मला लागलं आणि लागायलाच हवं होतं.

संध्याकाळी मी तो दाखला गुरुजींच्या देखत रद्द करून घेतला. गुरुजी कुरकुरले, "बाई, नंबर वाया गेला हो दाखल्याचा." म्हटलं, जाऊ दे, पोरगी तर वाचली.

शुक्रवारी वर्गात गेले तेव्हा पोरं जरा बिचकून होती. नियम राहिला की गेला, कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. मी फळ्यावर गणित लिहिलं आणि वळले. सवयीप्रमाणं चोपन्न हात वर होते, काही उजवे, काही डावे. रावसाहेबचा डावा, पण आज उजव्या हाताचं बोट फळ्यावरच्या गणिताकडं रोखलेलं होतं, म्हणजे त्याला सांगायचं होतं कुठं अडलंय ते. आणि खिडकीखाली अंबिकाचा, नेहमीचाच.

मी तिच्याकडं बघून हसले. "काय गं, आता तुझं कसं ओळखायचं मी? येतंय म्हणून वर केलास की येत नाही म्हणून?"

तिनं हात खाली घेतला नाही.

"इचारून बघा की, बाई."